मदत हवी आहे : पूर्णेतल्या दोन मरळी, जात एक की दोन?

पूर्णाकाठ :

नमस्कार मंडळी. वसमत तालुक्यात पूर्णेच्या काठाला आमचं गाव. हळदीची शेती, आणि शेतातून मोकळीक मिळाली की गळ घेऊन नदीवर. मरळीमागं बारा वर्षं फिरतोय, पण परवापासून एका प्रश्नानं डोकं खाल्लंय.

बंधाऱ्याखालच्या डोहात दोन मरळी लागल्या. मोठी ७८ सेंटीमीटर, लहानी ४२. दोन्ही काळपट, डोकं सापासारखं चपटं. आमच्या बाजारात दोन्ही मरळच, भावही एकच. पण गावातले एक म्हातारे भोई मामा आहेत, ते म्हणले, "डोळ्यावाली मरळ येगळी अन् बिनडोळ्याची येगळी. डोळा शेपटीपाशी असतो." माझ्या दोन्ही माशांना शेपटीपाशी डोळा नव्हता. मग दोन्ही एकाच जातीच्या, फक्त वयाचा फरक, असं धरावं का? मन मानत नाही. मोठीच्या कुशीवर पाच ठसठशीत काळे डाग आहेत आणि मधूनमधून पांढरे ठिपके, मीठ भुरभुरल्यागत. लहानीच्या अंगावर तिरके पट्टे पोटाकडं उतरतात, पोट पांढरट. पाठीवरच्या पराचे काटे दोनदा मोजले : मोठीचे ५०, लहानीचे ४१.

हे कशासाठी विचारतोय ते सांगतो. मागच्या श्रावणात बेशरमीच्या झुडपाजवळ एक मरळ लागली. काठावर ओढली, गळ काढला, फोटो काढले, वजन केलं. तेवढ्यात मामा आले आणि त्यांनी पाण्याकडं बोट दाखवलं. जिथून मासा उचलला तिथंच ताटाएवढा तांबडा घोळका वरखाली होत होता. तिची पिलं. मी मासा लगेच सोडला, पण ती खोल गेली ती परत वर आलीच नाही. तासाभरात चिलापी खालून आणि खंड्या वरून तुटून पडले. अंधार पडेपर्यंत बसून होतो, घोळका मुठीएवढा उरला होता. ते चित्र अजून डोळ्यापुढून जात नाही.

म्हणून दोन गोष्टी हव्यात. या दोघी ओळखायच्या कशा, आणि पिलावाली मरळ गळ टाकायच्या आधीच काठावरून कशी ओळखायची?

तंगूस :

दादा, काटे मोजलेत हे फार चांगलं केलंत, उत्तर त्यातच आहे. दोन जाती आहेत. शास्त्रीय नावानं मोठी ती चन्ना मॅरुलियस, लहानी ती चन्ना स्ट्रायाटा. मॅरुलियसच्या पाठीवरच्या परात साधारण ४५ ते ५५ काटे असतात, स्ट्रायाटाच्या ३७ ते ४६. पन्नास आणि एकेचाळीस म्हटल्यावर शंका उरत नाही. आकडा ४५-४६ वर अडकला तर कुशीवरच्या रेषेतले खवले मोजा : मॅरुलियसला साठ-सत्तर, स्ट्रायाटाला पन्नास ते सत्तावन्नच्या आसपास. ओलं फडकं अंथरून त्यावर पर पसरून एक फोटो घ्या आणि घरी जाऊन निवांत मोजा, मासा तोवर पाण्यात गेलेला असतो.

मामांचं म्हणणं खोटं नाही. शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला काळा ठिपका आणि भोवती फिकट किंवा नारिंगी कडं, ही मॅरुलियसचीच खूण. पण ती लहानपणी ठळक असते, अंग भरलं की बऱ्याच माशांत पुसट होते, काहींत दिसतच नाही. त्यामुळं डोळा दिसला तर मॅरुलियस नक्की, पण डोळा नाही म्हणून ती मॅरुलियस नाही असं म्हणता येत नाही. बहुतेकांची चूक इथंच होते.

वीतभर लांबीची, परांना नारिंगी किनार असलेली मरळ ओढ्यात मिळते, ती चन्ना गाचुआ. तिला मोठ्या मरळीचं पिलू समजून लोक सोडतात. सोडतात ते बरंच आहे, पण ती तेवढ्यातच पूर्ण वाढलेली असते.

नाथसागर_पैठण :

जागेवरूनही बराच अंदाज येतो. मॅरुलियसला खोल पाणी, खडक, वाळूचा तळ हवा. नदीचे जुने डोह, धरणाच्या भिंतीखालचं पाणी, हे तिचं घर. स्ट्रायाटा उथळ, गाळाच्या, गवताच्या पाण्यात खूश. बंधाऱ्याचं पाणी तुंबून जलपर्णी वाढली की ती वाढते. तुमच्या डोहात दोन्ही मिळाल्या, म्हणजे खोल पाणी आणि गवताळ कड दोन्ही शाबूत आहेत. तो डोह जपा. उन्हाळ्यात पाणी आटलं की काही जण डोहात ब्लीचिंग पावडर टाकतात, नाहीतर सुरुंग उडवतात. नदीत विष आणि सुरुंग दोन्हींना १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून मनाई आहे. गावात हे सांगा, ऐकणारे ऐकतात.

पिलावालीचं म्हणाल तर गळ टाकण्याआधी अर्धा तास नुसतं बसा. मरळ हवेतला श्वास घेते, तिला वर यावंच लागतं. एकटी मरळ एकदा इथं गुळुप करते, पुढच्या वेळी पाच-दहा हात पलीकडं. पिलावाली मात्र परत परत त्याच जागी वर येते, आणि तिच्या आजूबाजूला पाऊस भुरभुरल्यासारखे बारीक बुडबुडे उठतात. पिलंही श्वासाला वर येतात, ते हे बुडबुडे. असं दिसलं की ती जागा सोडून पुढं जायचं. पिलांवर असताना ती भुकेनं नाही, रागानं तोंड मारते. प्लास्टिकचा बेडूक तिच्यावरून ओढला की पहिल्याच फेकीला येते, म्हणून लोकांना वाटतं पावसाळ्यात मरळ सोपी.

पूर्णाकाठ :

दोघांचे मनापासून आभार. तुमचं वाचून मामांना फोन केला. बुडबुड्यांचं त्यांना ठाऊक होतं, म्हणले "तू कधी इचारलंच नाहीस." एक राहिलं : मागच्या साली पाठ काळी आणि बाजूनं नारिंगी पट्टा असलेली बोटभर पिलं पाहिली होती. तांबडी नव्हती. ती कोणाची?

तंगूस :

ती मॅरुलियसची. काळी पाठ, डोळ्यापासून शेपटीपर्यंत नारिंगी पट्टा, ही त्यांची लहानपणची ओळख. सबंध तांबडा घोळका असतो तो स्ट्रायाटाचा. म्हणजे श्रावणात तुम्हाला लागली ती बहुधा स्ट्रायाटा. आणि एक : मरळ पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते, त्यामुळं काठावर ठेवली तरी चालते असं वाटतं. मासा जगतोही. पण तेवढा वेळ पिलांना राखण नसते. चुकून लागलीच तर पाण्यातच गळ सोडवा, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीनं दाबून ठेवा म्हणजे गळ चटकन निघतो, फोटोचा मोह टाळा, आणि घोळका जिथं आहे तिथंच सोडा.

पूर्णाकाठ :

पक्कड आज पिशवीत टाकली. पोळ्यापर्यंत बेशरमीच्या कडेला गळ टाकणार नाही, पोरांनाही सांगितलंय. येलदरीच्या किंवा सिद्धेश्वरच्या पाण्यावर कोणी जात असेल तर पिलांचे फोटो या धाग्यात टाका, पट्ट्याची की तांबडी एवढं लिहिलं तरी पुरे. मामांना दाखवायचे आहेत.