कॅन्सरचा शेक (रेडिएशन) संपला, तरी घसा का जळतो?
एकाने आपल्या काकांबद्दल विचारलंय: शेक संपून ३ आठवडे झाले, तरी घशाची आग का? शेकाने घशाचं अस्तर सोलवटतं, ते भरायला काही आठवडे जातात. पण खरी गोम लाळेत आहे. लाळेतलं बायकार्बोनेट पोटातून वर आलेलं आम्ल मारतं. शेकाने लाळग्रंथी सुकल्या की आम्ल आणि पेप्सिन (पोटातलं पाचक द्रव्य) त्या कच्च्या अस्तरावर तसंच बसून राहतं.

१ लिटर कोमट पाण्यात छोटा चमचाभर मीठ, तेवढाच खायचा सोडा. दिवसातून ५-६ वेळा गुळण्या, गिळायचं नाही. पॅन्टोप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी) दिली असेल तर जेवणाआधी अर्धा तास, नंतर नव्हे. आम्ल वर येऊ नये म्हणून झोपताना डोकं उंच हवं, पण उशा रचू नका, पोट दुमडतं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावा. मिसळ तर सोडाच, आपली नाशिकची द्राक्षंही सध्या नकोत, आंबट झोंबतं. पाणीही अडकत असेल तर थेट डॉक्टर गाठा.