नवीन मेटल डिटेक्टर चालूच होत नाही, नेमके कुठे तपासावे?

नमस्कार.

वाईजवळ माझी लाकडाची लहानशी वखार आहे. पाडलेल्या जुन्या वाड्यांचे सागवान विकत घेऊन त्याच्या फळ्या काढून देणे हे आमचे मुख्य काम. या लाकडाची प्रत उत्तम असते, मात्र त्याच्या पोटात काय दडले आहे हे वरून कळत नाही. तुळयांमध्ये आणि कडीपाटाच्या फळ्यांमध्ये लोहाराने घडवलेल्या चौकोनी मेखा असतात, त्यांची डोकी गंजून झडलेली असतात आणि वर चुन्याचे व रंगाचे थर चढलेले असतात. अशी एखादी मेख आरायंत्राच्या पात्याला लागली की दाते जातात, कधी पातेच तुटते, आणि तुटलेले पाते कोणाच्या दिशेने येईल याचा नेम नसतो. आजवर आम्ही लोखंडाभोवती लाकूड काळे पडलेले पाहून आणि लोहचुंबक फिरवून अंदाज घेत होतो. परंतु चुंबकाला पितळी स्क्रू सापडत नाहीत, आणि दोन बोटे आत गेलेली मेखही सापडत नाही. गेल्या महिन्यात एकाच तुळईने दोन पाती खाल्ली, तेव्हा चित्रपटगृहाच्या दारात सुरक्षारक्षक अंगावरून फिरवतात तसा, हातात धरायचा मेटल डिटेक्टर मागवला.

तो येऊन चार दिवस झाले आणि अद्याप एकदाही चालू झालेला नाही. मुठीच्या टोकाला एक झाकण आहे, त्याच्या आत नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची जागा असून दोन तारांना जोडलेली काळी टोपी बॅटरीच्या तोंडावर दाबून बसवायची असते. अंगावरच्या बटणाला तीन जागा आहेत : एका बाजूला आवाज, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला कंपन. चालू केल्यावर हिरवा दिवा लागावा असे सोबतच्या कागदावर लिहिले आहे. माझ्याकडे दिवा लागत नाही, आवाज येत नाही आणि कंपनही होत नाही. पहिल्या दिवशी टोपी जोराने दाबून धरली असता एकदाच 'टिक्' असा अगदी क्षीण आवाज आला, तो पुन्हा आलेला नाही.

मी आतापर्यंत केलेले प्रयत्न असे. खोक्यात आलेली बॅटरी मल्टिमीटरवर, म्हणजे व्होल्ट व प्रवाह मोजण्याच्या उपकरणावर, ८.७ व्होल्ट दाखवते; नऊच्या जवळ आहे म्हणून ती ठीक समजलो. तरीही खात्री असावी म्हणून बाजारातून नवी आणली, ती ९.४ दाखवते, पण तिनेही काही फरक पडला नाही. बॅटरी उलटी लागण्याचा प्रश्न नाही, कारण टोपी एकाच बाजूने बसते. माझा मल्टिमीटरही याच बॅटरीवर चालतो, म्हणून खोक्यातली बॅटरी त्यात घालून पाहिली, तर मल्टिमीटर व्यवस्थित चालला. यावरून दोष बॅटरीत नसून यंत्रातच आहे असे माझे मत झाले आहे. विक्रेत्याला दोनदा लिहिले, दोन्ही वेळा 'बॅटरी बदलून पाहा' एवढेच उत्तर आले. परत करण्याची मुदत सात दिवसांची आहे. यंत्राचे अंग सहा स्क्रूंनी बंद केलेले असून त्यांपैकी एकावर वॉरंटीचे लेबल चिकटवले आहे, त्यामुळे ते उघडण्याचे धाडस अजून केलेले नाही. न उघडता आणखी काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

आपण केलेल्या चाचण्या योग्य दिशेने आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष घाईचा वाटतो. बॅटरी मोकळी असताना मोजलेले व्होल्ट फारसे काही सांगत नाहीत. या चौकोनी बॅटरीत दीड-दीड व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात, आणि दुकानात पडून जुन्या झालेल्या साध्या कार्बन बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे तिच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा, इतका वाढतो की काम नसताना ती जवळजवळ पूर्ण व्होल्ट दाखवते, काम पडताच मात्र बसते. मल्टिमीटर स्वतः फार थोडा प्रवाह घेतो, त्यामुळे त्यात ती चालली याने ती चांगली ठरत नाही. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ४७० ओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा लहानसा सुटा भाग) अगदी स्वस्तात मिळतो. तो बॅटरीच्या दोन टोकांना लावून ठेवा आणि लावलेला असतानाच व्होल्ट मोजा. सुमारे १९ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. चांगली बॅटरी नऊच्या आसपास राहील, निकामी असेल तर आपल्या डोळ्यांदेखत खाली येईल.

प्रतिसाद :

वरील सूचना योग्य आहे, मात्र नव्या बॅटरीनेही यंत्र चालले नाही, त्याचा उलगडा तिने होत नाही. आपण दोन्ही वेळा बॅटरी मोजली आहे. बॅटरीतून यंत्रापर्यंत काय पोहोचते ते मोजलेले नाही. माझा संशय त्या काळ्या टोपीवर आहे. बॅटरीचे लहान गोल टोक धन असते आणि मोठे, पाकळ्यांचे टोक ऋण. टोपीवर याच्या उलट रचना असते, म्हणजे लाल तार टोपीच्या पाकळ्यांच्या बाजूला जाते. या पाकळ्या फाकलेल्या असल्या तर टोपी बसल्यासारखी दिसते, पण आत स्पर्श होत नाही. दाबून धरल्यावर एकदाच आलेला तो आवाज मला याचेच लक्षण वाटतो.

तपासण्याची रीत अशी. टोपी आडवी फिरवून तिचे गोल टोक बॅटरीच्या पाकळ्यांत बसवा, म्हणजे ऋण बाजू जोडली जाईल आणि धन बाजू मोकळी राहील. मल्टिमीटर २०० मिलिअँपिअरवर ठेवून त्याची लाल पिन बॅटरीच्या गोल टोकाला आणि काळी पिन टोपीच्या पाकळ्यांना लावा. मग बटण आवाजाच्या बाजूला करा. दिवा लागला आणि आकडा दिसला, तर यंत्र निर्दोष आहे आणि दोष स्पर्शात आहे. आकडा शून्यच राहिला, तर तार किंवा बटण तुटलेले आहे आणि यंत्र परत पाठवावे. एक काळजी घ्या : मल्टिमीटर या जागी असताना दोन्ही पिना थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावू नका, अन्यथा त्याचा फ्यूज जाईल. माझे असे तीन गेले आहेत.

प्रतिसाद :

चाचण्या चालू असतानाच विक्रेत्याकडे मुदतीच्या आत लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा, आणि चालू न होणाऱ्या यंत्राचा व्हिडिओही काढून ठेवावा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. लेबलखालच्या स्क्रूला मात्र हात लावू नये.

धागाकर्त्याचे उत्तर :

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दोन्ही चाचण्या केल्या, आणि दोष एक नसून दोन निघाले. माझी दिशाभूल झाली ती त्यामुळेच.

रेझिस्टर लावताच खोक्यातली बॅटरी ८.७ वरून काही क्षणांत ५.९ पर्यंत उतरली. बाजारातली बॅटरी ९.४ वरून ९.० वर येऊन तेथेच थांबली. म्हणजे खोक्यातली बॅटरी निकामी होतीच. पण चांगली बॅटरी घातल्यावरही यंत्र गप्प राहत होते, म्हणून टोपी सांगितल्याप्रमाणे आडवी केली. काळी पिन पाकळ्यांना टेकवली आणि बटण सरकवले, तोच हिरवा दिवा लागला आणि मल्टिमीटरवर १४ मिलिअँपिअर दिसले. चार दिवसांनी तो दिवा पाहून आमच्या मिस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला.

त्यानंतर भिंगातून पाकळ्या पाहिल्या. सहापैकी दोन पाकळ्या बाहेरच्या बाजूला उघडलेल्या होत्या, बहुधा कारखान्यातच टोपी तिरकी बसवून ओढली गेली असावी. बॅटरी काढून ठेवली, निमुळत्या तोंडाच्या पकडीने त्या दोन पाकळ्या हलकेच आत घेतल्या आणि टोपी पुन्हा दाबली, तेव्हा प्रथमच ती बसल्याचा 'खट्' असा स्पष्ट आवाज आला. टोपी झाकणाच्या आतच असल्यामुळे एकही स्क्रू उघडावा लागला नाही. तक्रार मात्र मागे घेतलेली नाही; निकामी बॅटरी आणि सैल टोपी यांची नोंद विक्रेत्याकडे असलेली बरी.

आता एक नवी अडचण. आरायंत्राच्या टेबलावर तुळई ठेवून यंत्र फिरवले तर ते सारखे वाजतच राहते, तुळईत मेख असो वा नसो. ही पुन्हा यंत्राचीच खोड समजावी काय?

प्रतिसाद :

ती यंत्राची खोड नाही, टेबलाची आहे. टेबल ओतीव लोखंडाचे असणार, आणि मेखेपेक्षा ते शेकडो पटींनी मोठे आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच उपकरण वापरले होते, आणि गोळी न सापडण्याला अध्यक्षांच्या पलंगातील धातूच्या स्प्रिंगांनी हातभार लावला असे सांगितले जाते. आपण तुळई लाकडी घोड्यांवर घ्यावी, तीही आरायंत्रापासून दोन हात लांब. बटण चालू करतानाही डिटेक्टर लोखंडापासून दूर धरावा.

आणि रोजच्या कामासाठी रिचार्जेबल बॅटरी घेणार असाल, तर तिच्यावरचा आकडा पाहूनच घ्यावी. नऊ व्होल्टच्या आकाराच्या काही निकेल बॅटऱ्यांत सात सेल असतात आणि त्या ८.४ व्होल्टच्या भरतात, तर काहींत सहाच सेल असून त्या ७.२ च्याच असतात. दुसऱ्या प्रकारावर आपले यंत्र सुरुवातीपासूनच 'बॅटरी संपली' असे दाखवण्याची शक्यता आहे.

धागाकर्त्याचे उत्तर :

तुळई अंगणात दोन लाकडी घोड्यांवर घेतली आणि यंत्र शांत झाले. टोकापासून हातभर अंतरावर ते एकदा वाजले, पुढे मध्यावर दोनदा. तिन्ही ठिकाणी खडूने खुणा करून पटाशीने खरवडले. पहिल्या जागी चुन्याखाली बोटभर लांबीची मेख निघाली. मधल्या दोन खुणांवर लाकूड अगदी स्वच्छ दिसते, काळा डागही नाही, पण यंत्र ऐकत नाही, पुन्हा पुन्हा तेथेच वाजते. ती तुळई तूर्त बाजूला ठेवली आहे. उद्या गिरमिटाने भोक पाडून पाहणार आहे.