मेलेली माणसं परत उठतात, तेव्हा तुम्ही कुठल्या वचनाशी थबकता? (अनुभव धागा)

कंदील
आजच्या शास्त्रपाठात बायबलमधला २ राजे ४ आला आणि जुनं सगळं वर आलं. शुनेमची बाई. मुलगा कापणीवर बापाकडे गेला, "माझं डोकं, माझं डोकं" म्हणाला आणि दुपारी आईच्या मांडीवरच गेला. मी दर वेळी ३५व्या वचनाशी अडकते. संदेष्टा अलीशा पोरावर पालथा पडतो, अंगात ऊब येते (३४), पण डोळे मिटलेलेच. मग तो उठतो, घरात इकडून तिकडे एक फेरी मारतो आणि परत पडतो. तेव्हा कुठे सात शिंका. ती येरझार लिहून ठेवली नसती तरी गोष्ट अडली नसती. प्रार्थना केली आणि अर्धंच झालं, ही अवस्था शास्त्राने लपवलेली नाही, एवढं मला त्यात दिसतं. तुम्ही लिहा.

पाटीपेन्सिल
त्याआधीचं ३१ बघा. अलीशाचा सेवक गेहजी त्याची काठी घेऊन पुढे पळाला, पोराच्या तोंडावर ठेवली, ना आवाज ना हालचाल. शेवटी अलीशाला स्वतः यावं लागलं. तोंडाला तोंड, डोळ्यांना डोळे, हातांना हात. त्याच्या आधीचा संदेष्टा एलीया (१ राजे १७) असाच एका विधवेच्या मेलेल्या मुलावर तीनदा पसरतो, अलीशा दोनदा. तेव्हा आकड्यात अर्थ शोधत बसू नका.

सुईदोरा
गेहजी बिचारा. वर वाटेत कुणाला रामराम करायचीही बंदी, हाहा

दिवेलागण
गटात हा पाठ घेणाऱ्यांसाठी. लोक २० वरून थेट ३२ वर उडी मारतात आणि बाईच हरवते. ८ ते ३७ पात्रं वाटून मोठ्याने वाचा, पाच-सहा मिनिटांचं काम. मग एकच प्रश्न टाका: ती खोटं बोलतेय का? ती अलीशाकडे निघते तेव्हा नवरा म्हणतो आज ना नवचंद्र ना शब्बाथ (म्हणजे सणवार काही नाही), मग कशाला जातेस? ती म्हणते, "ठीक आहे." गेहजीलाही तेच. मूळ हिब्रूत दोन्हीकडे एकच शब्द, शालोम (शांती, कुशल). बांध फुटतो तो कर्मेल डोंगरावर, अलीशाचे पाय धरल्यावर.
आणि शोक असलेल्या घरात "विश्वास ठेवा, माणूस परत येतं" असा हा पाठ कधीही लावू नका. ऐकणाऱ्याला वाटतं आपलाच विश्वास तोकडा पडला. त्यापेक्षा २८ वाचा, मुलगा अलीशाच्याच शब्दावर झालेला, म्हणून ती त्याला विचारते: मी मुलगा मागितला होता का? हा राग तिथे चालतो, अलीशा तिला गप्प करत नाही.

उंबरठा
घाईत लिहितेय. मार्क ५. बारा वर्षांची मेलेली मुलगी, येशू म्हणतो "तलीथा कूम" (मुली, ऊठ), सगळे थक्क, आणि तो सांगतो हिला खायला द्या (४३). योहान ११ मध्ये येशू लाजराला कबरेतून उठवतो, तिथेही धोंड माणसांनी सरकवायची, पट्ट्या माणसांनी सोडायच्या. मधलं तेवढं त्याचं.

पाटीपेन्सिल
पट्ट्यांवरून: लाजर त्या गुंडाळलेल्या अवस्थेतच बाहेर येतो, योहान २० मध्ये येशू स्वतः उठतो तेव्हा मात्र तागाची वस्त्रं कबरेतच पडलेली. म्हणून लाजराच्या उठण्याला पुनरुत्थान म्हणताना जपून. तो पुन्हा मरणारच होता. १२:१० मध्ये मुख्य याजक त्याला मारायचा बेत करतात.

सुईदोरा
चार दिवसांनी उठला आणि लगेच सुपारी!!

नकाशेवाला
कुणी म्हणालं नाही म्हणून: शुनेम आणि नाईन एकाच मोरे टेकडीच्या दोन अंगांना. लूक ७ मध्ये येशू नाईनमधल्या विधवेचा मुलगा उठवतो आणि गर्दी "मोठा संदेष्टा उदयास आला आहे" म्हणते, तेव्हा टेकडीपलीकडची गोष्ट त्यांच्या डोक्यात असणार असं मला वाटतं. "त्याने त्याला त्याच्या आईजवळ दिले" हे शब्द मात्र एलीयाच्या गोष्टीतले.

उंबरठा
हे माहीत नव्हतं! नकाशा उघडते.

कंदील
२ राजे ८ पण जोडून वाचा. सात वर्षांच्या दुष्काळानंतर शुनेमची बाई घर-शेत मागायला राजाकडे जाते, नेमका तेव्हाच गेहजी राजाला हीच गोष्ट सांगत असतो. शेत परत मिळतं, मधल्या काळातल्या उत्पन्नासकट.

सुईदोरा
म्हणजे काठीने नाही तरी तोंडाने कामी आला.

पाटीपेन्सिल
पण ५व्या अध्यायात त्याला कोड भरलंय ना? मग राजासमोर उभा कसा?

दिवेलागण
अध्याय काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत असं काही जण म्हणतात. यावर वेगळा धागा काढा बाई, इथे रात्र होईल.