ख्लेब आणि लोफ सारखे का? कोणी कोणाकडून घेतलं?

शब्दवेडी: रशियन थोडी येते, आता जर्मन शिकतेय. सीमेला जर्मनमध्ये ग्रेन्त्स, रशियनमध्ये ग्रानित्सा, राजाला जर्मनमध्ये क्योनिग आणि रशियनमध्ये क्न्याझ म्हणजे राजपुत्र, पावाला रशियनमध्ये ख्लेब आणि इंग्रजीत लोफ. भाषा एकाच कुळातल्या म्हणून सारखे असतील असं धरून चालले होते पण मैत्रीण म्हणते बरेच उसने आहेत. मग ओळखायचं कसं?

धातुपाठ: आवाजांवरून. संस्कृत येत असेल तर सोपं जातं. 'ज्ञा' घ्या, रशियनमध्ये झ्नात, इंग्रजीत नो, स्पेलिंगमध्ये आधी के आहेच. म्हणजे संस्कृत ज, स्लाव्हिक (रशियन, पोलिशची शाखा) झ, जर्मॅनिक (जर्मन, इंग्रजीची शाखा) क, हे ठरलेलं. आता क्योनिग जुन्या जर्मॅनिक 'कुनिंगाझ'वरून आलाय आणि त्याच्या पोटात 'किन' म्हणजे कूळ, तोच आपला 'जन'. क्न्याझ मूळचा स्लाव्हिक असता तर सुरुवातीला झ हवा होता, पण क आहे, म्हणजे जर्मॅनिकमधूनच उचललाय. फिनिशनेही तो उसना घेतला, तिथे राजाला अजूनही कुनिंगास म्हणतात, किती जुनं रूप टिकलंय बघा! ख्लेबचंही तसंच, गॉथिक या जुन्या जर्मॅनिक भाषेत ह्लाइफ्स होता. आणि इंग्रजीतला लॉर्ड म्हणजे मुळात 'ह्लाफवेअर्ड', पावाचा राखणदार, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर तेच सांगत सुटलो होतो.

सीमोल्लंघन: ग्रेन्त्स मात्र उलट्या दिशेने, स्लाव्हिकमधून जर्मनमध्ये गेलाय. सीमेला जर्मनचा स्वतःचा शब्द मार्क, डेन्मार्कमधला तोच. पूर्वेला स्लाव्ह लोकांशेजारी वस्त्या वाढल्या आणि 13व्या शतकापासून जर्मन कागदपत्रांत ग्रेन्त्स दिसायला लागतो, पुढे त्याने मार्कला मागे टाकलं. काकडीचा जर्मन शब्द गुर्क पोलिश ओगुरेकच्या घरातला, जर्मन क्वार्क हे ताजं चीज म्हणजे रशियन त्वारोग. आणि रशियनमध्ये राजाला कोरोल म्हणतात ना, तो 814 मध्ये वारलेल्या कार्ल द ग्रेट (शार्लमेन) या फ्रँक सम्राटाच्या नावावरून, माणसाचं नावच पदवी झालं.

शब्दवेडी: बापरे, मस्त! मग रशियन न्येबा (आकाश) आणि जर्मन नेबेल (धुकं) यात उसना कुठला?

धातुपाठ: कुठलाच नाही, ही खरी भावंडं. तिसरं भावंड संस्कृत 'नभस्', त्यात धुकं, ढग, आकाश सगळेच अर्थ आहेत. रशियनने आकाश ठेवलं, जर्मनने धुकं.