मदत हवी आहे : ‘टेक’चे अर्थ आठवीला कोणत्या क्रमाने शिकवावेत?

मराठी माध्यमाच्या आठवीसाठी ‘टेक’ (take) या इंग्रजी क्रियापदाचा तक्ता करतेय. ‘घेणे’ हा अर्थ मुलांना पक्का येतो आणि तिथेच गाडी अडते. औषध घेतो, सुट्टी घेतो इथपर्यंत ठीक. पण फोटो काढतो, बस पकडतो, आंघोळ करतो, या सगळ्यांनाही इंग्रजीत ‘टेक’च लागतं.

सर्वाधिक गोंधळ परीक्षेचा. आपण परीक्षा देतो, म्हणून मुलं ‘आय गेव्ह द एक्झाम’ लिहितात. प्रमाण इंग्रजीत ‘आय टुक द एक्झाम’. उलट ‘सर परीक्षा घेतात’ला ‘टेक’ वापरलं, की सरच पेपर सोडवतात असा अर्थ होतो.

दुसरी अडचण वेळेची. ‘मला दोन तास लागतात’ यात क्रियापद तासांप्रमाणे चालतं, इंग्रजीत मात्र ‘इट’ हा कर्ता आणावा लागतो : ‘इट टेक्स मी टू अवर्स’. मुलं ‘इट’ गाळून सरळ ‘मी टेक टू अवर्स’ लिहितात.

‘टेक ऑफ’ मी शेवटी ठेवलंय. ‘टेक ऑफ युवर शूज’ आणि ‘टेक युवर शूज ऑफ’ दोन्ही बरोबर, पण सर्वनाम मध्येच येतं : ‘टेक देम ऑफ’. विमानाच्या उड्डाणाला तर कर्मच नसतं.

तक्ता मराठी क्रियापदांनुसार (काढणे, देणे, लागणे) करावा की ‘टेक’सोबत येणाऱ्या नामांच्या जोड्यांनुसार (टेक अ फोटो, टेक अ बस)? माझा कल जोड्यांकडे आहे, पण ‘लागणे’ त्यात बसत नाही. शिवाय ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’, म्हणजे आणणे आणि नेणे, यांतला फरक पक्का करणारा वर्गात चालणारा सराव कुणाकडे आहे का?