कंपनीच्या पैशावर कंपनीचेच दुष्परिणाम शोधायचे? फेलोशिप घ्यावी का?

अर्धाकप:
भाची पुण्यात पीएचडी करतेय, समाजशास्त्रात. गावाकडची पोरं, मोबाईल, त्यातून होणारी बदनामी आणि भांडणं असा विषय आहे. आता तिला एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीच्या पैशावरची फेलोशिप मिळेल असं दिसतंय, सोशल मीडियाचे दुष्परिणाम कमी कसे करायचे यावर. ताई म्हणते घेऊन टाक, गाइड म्हणतात विचार कर, आणि भाची मला विचारते कारण घरात रिकामा मीच.

माझं मत, घेऊ नये. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे काय पीएचडीवाल्यांना लागू नाही का? फेसबुकने २०१२ मध्ये ६ लाख ८९ हजार लोकांची फीड त्यांना न सांगता बदलून बघितली, मूड बदलतो का म्हणून, आणि २०१४ ला त्याचा पेपर आला त्यावर विद्यापीठवाल्यांचीही नावं होती. पुढे २०२१ मध्ये फेसबुकचीच माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगनने कंपनीचे कागद बाहेर काढले तेव्हा कळलं की इन्स्टाग्राममुळे बऱ्याच मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल आणखी वाईट वाटतं हे कंपनीच्याच अभ्यासात होतं. म्हणजे माहिती होतीच, दाबून ठेवलेली.

चुलीवरचा_चहा:
दादा, पोळी कुणाची खायची हे ठरवायला आधी ताटात पोळी पाहिजे. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी सरकारी फेलोशिप, महिना ३७ हजार आहे, पण ती निघाली तर. माझी दुसरीकडची होती, सरकारी, नाव नाही घेत, आठ महिने दमडी आली नाही, खोलीचं भाडं मित्राने भरलं आणि मेसवाल्या काकूंना तोंड चुकवत फिरायचो. घेऊ दे पोरीला.

साक्रीकर:
मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला. राईनपाडा आमच्याच तालुक्यात, १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. पोरं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा मोबाईलवर फिरत होती, आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. मंगळवेढ्याकडची माणसं होती ती.

त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड असं जाहीर केलं. तीन आठवड्यांत. कुठली फेलोशिप लागली त्याला? मनात आलं की बटण दाबतात. संशोधकांना पैसे द्यायची घोषणाही तेव्हाचीच, पण २० टीम निवडल्या नोव्हेंबरात, प्रत्येकी ५० हजार डॉलरपर्यंत. आधी औषध दिलं आणि मग आजार कुठला ते शोधायला माणसं नेमली. हे नुकसान कमी करणं नाही, नाव धुणं आहे.

चुलीवरचा_चहा:
साक्रीकर भाऊ, तुमचं दुःख मान्य, पण ते मेसेज एन्क्रिप्टेड असतात, आत काय लिहिलंय ते कंपनीलाही दिसत नाही. आणि त्या वेळी संशोधकांना व्हॉट्सअ‍ॅपचा डेटा मिळणार नाही हे अटीतच होतं. मग माणूस अशा अफवेवर विश्वास का ठेवतो हे कळणार कसं? बाजाराच्या दिवशी जाऊन लोकांत बसावं लागतं, आणि त्याला एसटीचं तिकीट लागतं. बटण दाबून फॉरवर्ड कमी होतील, भीती कशी कमी होणार?

निमूट:
मुद्दा पैशाचा नाहीच हो. पैसे देतात, किल्ली देत नाहीत. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांचं फुकटचं एपीआय, म्हणजे ट्विटरचा डेटा थेट ओढून घ्यायची सोय, बंद केलं. मेटाने, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीने, ऑगस्ट २०२४ मध्ये क्राउडटँगल बंद केलं, ज्याच्यावर कुठली पोस्ट किती पसरली ते दिसायचं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतले लोक फेसबुकवरच्या राजकीय जाहिराती तपासत होते तर २०२१ ला फेसबुकने त्यांची अकाउंटच बंद केली. मी असतो तर एकच विचारलं असतं, कंपनी डेटा देणार का आणि मध्येच काढून घेतला तर काय.

सातचा_भोंगा:
एवढी डोकेफोड कशाला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. पीएचडी न करता झालं सगळं 😄

निमूट:
साडेआठनंतर काय हो? रात्री अकराला कुणी मुलीचा फोटो बिघडवून ग्रुपवर टाकला तर तुमचा भोंगा काय करणार. चांगलं आहे ते गावाचं, पण ते वेगळं.

अर्धाकप:
सगळ्यांचं वाचून दाखवलं तिला. साक्रीकरांच्या पोस्टला गप्प झाली. मग फेलोशिपचा कागद काढला, मी आधी बघितलाच नव्हता, माझीच चूक. त्यात लिहिलंय, पेपर छापायच्या ३० दिवस आधी कंपनीला वाचायला द्यायचा. वाचायला म्हणजे नुसतं वाचायला, का त्यांनी हो म्हटल्याशिवाय छापायचा नाही, ते कुठेच नाही. तिने रात्रीच मेल टाकलाय विचारायला. एसटीच्या तिकिटाचं मात्र मला पटलं, मीच काढून देतो म्हटलं तर हसली.