मदत हवी आहे: वजन उतरलं, पण अंगातली ताकदही चालली

पूर्वा_डोंबिवली
थोडक्यात लिहिते. दिवाळीनंतर इंजेक्शन सुरू केलं, 11 किलो उतरले. भेटेल तो "काय बारीक झालीस गं" म्हणतो, पण मला पाण्याचा जार स्टँडवर चढवता येईना. परवा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सतरंजीवर बसले. उठताना एक हात जमिनीवर, दुसरा गुडघ्यावर, तरी शेजारणीने काखेत हात घातला तेव्हा कुठे उभी राहिले. मांड्या लटलट कापतात. जिमच्या मशीनवर मसल 4 किलोने कमी दाखवतंय. इंजेक्शन बंद करणार नाहीये, तो सल्ला नको. मसल टिकवायला काय खायचं तेवढं सांगा. लवकर.

अण्णा_सांगलीकर
कुठलं इंजेक्शन? डोस किती? वय? अंडी खाता का? व्यायाम काय करता? यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग सांगायचं काय!

लोखंडी_बाळ्या
व्हे, म्हणजे दुधाच्या प्रोटीनची पावडर घ्या. एका स्कूपला 24 ग्रॅम, सकाळी एक, संध्याकाळी एक. विषय संपला. आपल्याकडे लोक पातळ वरण वाटीभर पितात आणि प्रोटीन झालं म्हणतात. त्या वाटीत पाच-सहा ग्रॅम असतं फार तर.

मंजिरी_ठाणे
ताई, इंजेक्शनं हवीतच कशाला? दीक्षित सरांसारखं दोनदा जेवा, 55 मिनिटांत संपवा. माझ्या जाऊबाईंचं वजन फुकटात उतरलं.

अण्णा_सांगलीकर
मंजिरीताई, त्यांना वजन उतरवायचं नाहीये, उतरलंय. आणि या औषधावर चार घासांत पोट भरतं. दिवसाचं प्रोटीन दोन जेवणांत कोंबायचं कसं?

मंजिरी_ठाणे
मग काय दिवेकरांसारखं दर दोन तासांनी खायचं?

कांदेपोहे
सुरू झालं! दीक्षित विरुद्ध दिवेकर, भाग शंभरावा. मी चहा टाकतो.

पूर्वा_डोंबिवली
मी विचारलंय काय आणि चाललंय काय! मौंजारो 7.5. वय 52. शाकाहारी, अंडीही नाही. रोज तासभर चालते. आता सांगा.

कोथरूडकर
मुळात आपली अंगकाठीच तशी. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. म्हणजे आपल्याकडे मसलची शिल्लक आधीच कमी, त्यात वजन झपाट्याने उतरलं की आणखी जाते. सेमाग्लुटाइड या अशाच इंजेक्शनच्या मोठ्या अभ्यासात काही जणांचं डेक्सा स्कॅन (एक्स-रेने अंगातली चरबी मोजतात ते) केलं, तेव्हा उतरलेल्या वजनातला सुमारे 40 टक्के वाटा लीन मासचा, म्हणजे चरबी सोडून बाकीच्या वजनाचा निघाला. टिर्झेपटाइडच्या, म्हणजे तुमच्या औषधाच्या अभ्यासात तो पाव होता.

डॉ_निशिगंधा
आकडे बरोबर आहेत, पण लीन मास म्हणजे नुसतं मसल नव्हे. त्यात पाणी येतं, यकृतासारखे अवयव येतात. आणि जिमचं मशीन तर अंगातून वीज सोडून पाण्यावरून अंदाज बांधतं. मळमळ होऊन पाणी कमी प्यायलं गेलं की मसल घटलेलं दिसतं. त्या 4 किलोंवर जाऊ नका. जमिनीवरून उठता येत नाही, ही खूण मला जास्त महत्त्वाची वाटते.

पूर्वाताई, वजन आणि शुगर दोन्हींसाठी घेताय का? सोबत कुठल्या गोळ्या? मांड्या कापतात त्या जिना चढल्यावर, की बसल्या जागीही?

लोखंडी_बाळ्या
डॉक्टर, साधा प्रश्न होता. सोयाबीन वड्या, पनीर, व्हे आणि स्क्वॉट. चालून मसल टिकत नसतं, वजन उचलावं लागतं.

पूर्वा_डोंबिवली
शुगर आहेच हो, म्हणून तर इंजेक्शन. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, जुन्याच गोळ्या, त्यात सांगण्यासारखं काय. कापरं अकराच्या सुमारास जास्त. घामही येतो. काहीतरी तोंडात टाकलं की बरं वाटतं. जार चढवायचा प्रश्न मात्र दिवसभर आहे. बाळ्या, वड्या किती खायच्या?

डॉ_निशिगंधा
सांगण्यासारखं तेच होतं. अकराला घाम आणि कापरं, खाल्लं की थांबतं, ही शुगर उतरण्याची लक्षणं आहेत. मौंजारो एकटं असेल तर शुगर फारशी धोक्याइतकी उतरत नाही, पण ग्लिमेपिराइड सोबत असेल तर उतरते. त्यात तुमचं खाणं निम्म्यावर आलंय आणि गोळी जुन्याच मापाची. उद्या कापरं सुटलं की आधी ग्लुकोमीटर लावा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आणि वाट न बघता आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून गोळीचा डोस कमी करायचा का ते विचारा. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल आणि अंडीही नाहीत, तर बी12 कमी पडू शकतं, तपासा. किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, ते शेवटचं किती आलं होतं?

पूर्वा_डोंबिवली
1.4. डॉक्टर "लक्ष ठेवू" म्हणाले होते.

अण्णा_सांगलीकर
अरे देवा. बाळ्या, तुझे दोन स्कूप ठेव आता कपाटात.

डॉ_निशिगंधा
बावन्नाव्या वर्षी बाईचं 1.4 म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग (ईजीएफआर) हिशेबाने पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे कमी येतो. उलट्या-मळमळीने पाणी कमी पडूनही आकडा चढतो, म्हणून पुन्हा तपासा, लघवीतून अल्ब्युमिन (प्रोटीन) जातंय का तेही बघा. आणखी एक गोम अशी की क्रिएटिनिन मसलमधूनच येतं. मसल झिजलं की आकडा उगाच चांगला दिसू शकतो. सिस्टॅटिन सी, म्हणजे मसलवर फारशी न बेतलेली किडनीची रक्ततपासणी करून मिळाली तर बरं.

एरवी वजन उतरताना किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रोटीन सांगतात. किडनी अशी असेल तर 0.8 च्या आसपास राहायला सांगतात. तुमचं वजन किती आहे आता?

पूर्वा_डोंबिवली
71.

डॉ_निशिगंधा
म्हणजे 57 ग्रॅमच्या आसपास. तेवढं तरी तुमच्या पोटात जातंय का, हा खरा प्रश्न. शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18, तीस ग्रॅम कोरड्या वड्यांत 15, मोठा पेला दुधात 8. ताटातलं हे आधी संपवा, भाकरी-भात मागाहून. नक्की माप तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. प्रोटीन फार वाढवता येत नसेल तर व्यायामावर जोर द्यायचा. शुगर सावरली की आठवड्यातून दोन-तीनदा भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठबस करा, मग हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन. चालणं ठेवा, पण त्याने जार चढणार नाही.

लोखंडी_बाळ्या
खुर्चीची उठबस म्हणजेच स्क्वॉट. तेच सांगत होतो.

पूर्वा_डोंबिवली
फोन केला. रात्रीची ग्लिमेपिराइड बंद, सकाळची अर्धी, सोमवारी रक्त द्यायचंय. जार तूर्त मुलगा चढवेल.

चिंचपोकळीकर
धागा वाचला, छान चर्चा. माझ्या भाच्याचं लग्न जूनमध्ये आहे, शेरवानी बसत नाहीये. त्याला हेच इंजेक्शन घेता येईल का? कितीला पडतं?

अण्णा_सांगलीकर
वेगळा धागा काढा. आणि भाच्याचं वय, वजन, आजार आधी लिहा, आम्हाला विचारायला लावू नका.